खलाशांची संघटना आणि तिचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात ज्या घरांतला कर्ता माणूस 'बोटीवर' असायचा, त्या घरांतून हे प्रश्न येत राहतात. काही प्रश्न नातवंडांचे असतात, काही आज स्वतः बोटीवर चाललेल्या मुलांचे, तर काही अभ्यासकांचे. उत्तरं सुटी वाचली तरी कळावीत अशी लिहिली आहेत. तेच ते पुन्हा येऊ नये म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. इथे मुख्यतः मुंबई बंदरातून चढणाऱ्या भारतीय खलाशांचा इतिहास आहे. कोलकाता आणि ब्रिटन त्याच्याशी जोडलेले असल्यामुळे तेही ओघाने येतात.

१. खलाशी, लस्कर, सारंग, सीमन: हे सगळे एकच का?

'लस्कर' हा इंग्रज कंपन्यांनी आशियाई खलाशांसाठी वापरलेला शब्द. मूळ फारसी 'लष्कर', तो पोर्तुगीजांच्या तोंडून इंग्रजीत गेला. आपली माणसं स्वतःला लस्कर क्वचितच म्हणवत. त्यांच्यासाठी हुद्दा महत्त्वाचा. डेकवर सारंग सगळ्यांचा मुकादम, त्याच्या हाताखाली टिंडेल, चाकावर सुकानी, आणि मग साधे खलाशी. इंजिनाकडे वेगळा सारंग, तेलवाले, भट्टीपुढचे आगवाले आणि कोळसा ओढणारे. तिसरा विभाग सलूनचा, म्हणजे बटलर, स्टुअर्ड आणि स्वयंपाकी. खलाशांचं जेवण रांधणारा भंडारी वेगळा असे. सारंग, तांडेल, नाखवा ही किनारपट्टीवरची आडनावं याच दर्यावर्दी हुद्द्यांतून आली आहेत.

ही माणसं मूठभर नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५० हजार लस्कर होते, म्हणजे साधारण सहा माणसांत एक. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर हे प्रमाण चारात एक झालं होतं.

२. भारतात खलाशांची पहिली संघटना कधी झाली?

संघटना कशाला म्हणायचं त्यावर उत्तर ठरतं. आजची नॅशनल युनियन ऑफ सीफेअरर्स ऑफ इंडिया, म्हणजे 'नुसी', आपलं मूळ १८९६ सालापर्यंत नेते. मुंबईतल्या गोवेकर खलाशांच्या क्लबापर्यंत. माझ्या मते हे मूळ मान्य करायला हरकत नाही. मात्र तो क्लब आधाराचा होता. मालकाशी पगाराची बोलणी करणारी ती युनियन नव्हती.

तशा अर्थाच्या युनियन पहिल्या महायुद्धानंतर उभ्या राहिल्या. कोलकात्यात इंडियन सीमेन्स युनियन आणि मुंबईत वेगवेगळ्या विभागांच्या दोन-तीन संघटना. काळही तसाच होता. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक या कामगार संघटनांच्या देशव्यापी महासंघाची स्थापना झाली, आणि १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने नोंदणी केलेल्या संघटनांना पहिल्यांदा कायद्याचं संरक्षण दिलं. मुंबईत एक सोडून अनेक संघटना का झाल्या, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. सारंग गावचाच, बहुधा नात्यातलाच. मग संघटनेची गरज का पडली?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि या सगळ्या इतिहासाची किल्ली त्यातच आहे.

गिरणी कामगार रोज त्याच गेटातून आत जातो. खलाशाची नोकरी फेरी संपली की संपते. साइन ऑफ झालं की तो बेकार, आणि पुढची बोट मिळेपर्यंत बेकारच. त्यामुळे त्याचं भवितव्य ठरायचं ते भरतीच्या दारात. बोटीवर पाय ठेवण्याच्या कितीतरी आधी. आणि ते दार कंपनीच्या हातात थेट नव्हतं. मुंबईत मध्ये परवानाधारक शिपिंग ब्रोकर असत. कोलकात्यात घाट-सारंग आणि खलाशांना राहायला खोली देणारे बाडीवाले असत. कंपनी सांगायची, इतकी माणसं हवीत. दलाल सारंगाला सांगायचा, आणि सारंग आपली टोळी घेऊन उभा राहायचा.

टोळीत नाव लागावं म्हणून खलाशाने सारंगाला पैसे द्यायचे. याला दस्तुरी म्हणत. हातात पैसे नसत, म्हणून ते कर्जाने घ्यायचे. कधी सारंगाकडूनच, कधी खोलीवाल्याकडून. पहिल्या काही महिन्यांचा पगार त्यातच जायचा. नोकऱ्यांपेक्षा माणसं कित्येक पटींनी जास्त, त्यामुळे नाही म्हणणाऱ्याच्या जागी दुसरा उभाच असे.

सारंग गावचा असे, हे खरंच. म्हणून तर त्याच्याविरुद्ध बोलणं अवघड होतं. त्याच्याशी वाकडं घेणं म्हणजे गावाशी वाकडं घेणं. दुसरी बाजूही सांगायला हवी. परदेशी बंदरात खलाशी आजारी पडला, घरून तार आली, मेटने, म्हणजे डेकवरच्या अधिकाऱ्याने, हात उगारला, तर मध्ये उभा राहायचा तोही सारंगच. एकाच माणसात आधार आणि पिळवणूक दोन्ही होती. सुरुवातीच्या संघटनांत सारंगच पुढारी दिसतात आणि त्यामुळे संघटना दस्तुरीविरुद्ध ठाम बोलत नाहीत, अशी टीका तेव्हाही झाली. मला ती बरीचशी रास्त वाटते.

संघटनेची मुख्य मागणी मात्र हळूहळू स्पष्ट होत गेली: दलाल नको, सरकारी कचेरीतून पाळीप्रमाणे भरती हवी. १९२० मध्ये जिनोआ इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेऊ नयेत असा करार झाला. १९२२ मध्ये भारत सरकारने नेमलेल्या समितीनेही भरतीची पद्धत बदलावी असंच सुचवलं. प्रत्यक्षात हे व्हायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं (प्रश्न ९).

४. गोऱ्या खलाशापेक्षा पगार खरंच इतका कमी होता का?

हो. १९३९ मध्ये भारतीय खलाशाचा पगार ब्रिटिश खलाशाच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका होता. लस्करांसाठी कराराचा कागदच वेगळा होता, त्याला 'एशियाटिक आर्टिकल्स' म्हणत. त्यानुसार खलाशाला एका बोटीवरून त्याच कंपनीच्या दुसऱ्या बोटीवर हलवता येई, आणि कराराअखेर त्याला भारतातच परत आणून सोडायचं असे. ब्रिटनमध्ये उतरून तिथल्या दराने दुसरी नोकरी धरण्याची वाट अशी बंद होती.

जागेचा हिशेबही लिहूनच ठेवलेला होता. १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशाला राहायला किमान १२० घनफूट जागा ठरवून दिली. लस्कराला ३६. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी पेटी डोळ्यांपुढे आणा. ती बरोबर ३६ घनफूट भरते. कंपन्या वर म्हणत की या लोकांना उष्णता सोसते, म्हणून भट्टीपुढे तेच बरे.

५. गोव्याच्या, रत्नागिरीच्या आणि पंजाबच्या खलाशांची एकच संघटना का नव्हती?

कारण बोटीवरच त्यांची वाटणी झालेली होती. मुंबईहून जाणाऱ्या मोठ्या बोटींवर सलून बहुतेक गोवेकरांचं, डेक कोकण आणि गुजरात किनाऱ्याचा, इंजिन पंजाब-सरहद्दीकडच्या माणसांचं. भाषा वेगळी, भंडारी वेगळा, सारंग वेगळा. भरतीही विभागवार. संघटना त्याच भेगांवरून उभ्या राहिल्या आणि त्याच भेगांवरून फुटल्या.

गोवेकरांची एक बाजू भक्कम होती: कूड. धोबी तलाव आणि आसपासच्या भागात गोव्यातल्या एकेका गावाचा कूड असे. तिथे थोड्या भाड्यात पेटी ठेवायला जागा, झोपायला चटई, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि बोट नसलेल्या दिवसांत सांभाळून घेणारी माणसं. ज्याला आधीच एकत्र राहायची सवय आहे, त्याला संघटना नव्याने शिकवावी लागत नाही. सगळ्यांत जुनी पाळंमुळं गोवेकरांच्या क्लबात सापडतात ती मला वाटतं याचमुळे. विभागांना एका छताखाली आणायला पुढे अनेक वर्षं गेली.

६. ब्रिटनमधली खलाशांची युनियन आपल्या माणसांसाठी लढली का?

सुरुवातीच्या काळात नाही. उलट विरोधात उभी राहिली. जे. हॅवलॉक विल्सन यांनी १८८७ मध्ये संडरलँड इथे ब्रिटिश खलाशांची राष्ट्रीय संघटना उभी केली. १९११ चा मोठा संप तिनेच केला. १९२६ मध्ये तिचं नाव नॅशनल युनियन ऑफ सीमेन झालं. आपल्या सभासदांसाठी तिने बरंच मिळवलं, ते नाकारायचं कारण नाही. पण आशियाई खलाशी स्वस्तात काम करून आपली भाकरी पळवतात, अशी तिची भूमिका होती. एकाच बोटीवर दोन दर कोणी ठेवले, हा प्रश्न मालकांना विचारण्याऐवजी तिने कमी दरात राबणाऱ्यालाच दूर ठेवायची मागणी केली.

१९२५ मध्ये ब्रिटनमध्ये गौरेतर परदेशी खलाशांनी पोलिसांत नोंदणी करावी असा हुकूम निघाला. भारतीय खलाशी कायद्याने परदेशी नव्हते, ब्रिटिश प्रजाजन होते. तरी जवळ पुरावा नसलेल्या अनेकांना परदेशी म्हणून नोंदवलं गेलं. आमच्या घरी आजोबांची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या ओळखीची आणि नोकरीच्या नोंदींची पुस्तिका, अजून पत्र्याच्या नळीत आहे. लहानपणी आम्हाला ती नळी उघडू देत नसत. हा हुकूम वाचला तेव्हा त्या जपणुकीचा अर्थ मला कळला.

७. १९३९ चा संप नेमका काय होता?

भारतीय खलाशांच्या इतिहासातला हा सर्वांत मोठा लढा. आश्चर्य म्हणजे तो सुरू झाला तो घरापासून हजारो मैलांवर.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारलं गेलं आणि समुद्रात पाणबुड्या आल्या. ब्रिटिश खलाशांना युद्धभत्ता मिळाला. आपल्या माणसांनी विचारलं, टॉर्पेडो काय रंग बघून लागतो? लंडन, लिव्हरपूल, ग्लासगो, साउदॅम्प्टन इथल्या बोटींवर भारतीय खलाशांनी पगार दुप्पट केल्याशिवाय बोट हलवणार नाही असं सांगितलं. बातमी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात बोटींबरोबरच गेली, आणि दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, ब्रह्मदेश इथेही नकार सुरू झाले. शेकडो जणांना तुरुंगात टाकलं. करारावर अंगठा दिल्यावर काम नाकारणं हा गुन्हा होता (प्रश्न १२).

लंडनमध्ये त्यांच्या बाजूने धावपळ करणारे सुरत अली. कोलकात्यात बोलणी करणारे आफताब अली. ते मूळचे सिल्हेटचे, आणि १९३७ मध्ये उभ्या राहिलेल्या अखिल भारतीय सीमेन्स फेडरेशनचे नेते. पगार आधी थोडे वाढले, मग युद्धाच्या काळात टप्प्याटप्प्याने आणखी. बरोबरी मात्र आली नाही. तरीही बोट सुटू द्यायची की नाही हे आपण ठरवू शकतो, हे मालकांना पहिल्यांदा इतकं ठळक कळलं. नेत्यांची नावं इतिहासात राहिली. तुरुंगात गेलेल्या बहुतेकांची राहिली नाहीत, आणि याची मला खरोखर खंत वाटते.

८. आमचे पणजोबा युद्धात बोटीवर वारले. युनियनच्या दप्तरात त्यांचं नाव सापडेल का?

युनियनच्या दप्तरापेक्षा युद्धस्मारकाच्या नोंदीत सापडण्याची शक्यता जास्त. पहिल्या महायुद्धात ३,४२७ लस्कर मेल्याची नोंद आहे. दुसऱ्यात हा आकडा ६,६०० च्या घरात सांगतात. मुंबईत मस्जिद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये दोन्ही युद्धांची स्मारकं आहेत. कोलकात्यात हेस्टिंग्जजवळ १९२४ मधलं लस्कर स्मारक आहे. ते बंगाल आणि आसामच्या ८९६ खलाशांचं. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या यादीत नावाने शोध घेता येतो.

शोधताना लक्षात ठेवा: आडनाव बहुधा नसतं. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, कधी गाव, इतकंच. स्पेलिंग कारकुनाला ऐकू आलं तसं. 'इब्राहिम' चार तऱ्हांनी लिहिलेला मिळतो. म्हणून आधी बोटीचं नाव आणि बुडाल्याची तारीख मिळवा. घरात पेन्शनचा किंवा अलॉटमेंटचा (पगारातला हिस्सा घरी पाठवण्याचा) कागद असेल तर त्यावर ते असतं. त्या तारखेची सगळी नावं काढून मग त्यातून माणूस ओळखा.

९. स्वातंत्र्यानंतर काय बदललं?

भरतीचं दार दलालाकडून सरकारकडे आलं. १९५० च्या दशकात मुंबई आणि कोलकात्यात सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिस सुरू झालं आणि रोस्टरप्रमाणे, म्हणजे पाळीने, नाव पुकारलं जाऊ लागलं. तीस वर्षांपूर्वीची मागणी प्रत्यक्षात आली. पाळी यायला महिनेच्या महिने लागत, आणि वशिल्याच्या तक्रारी पूर्ण थांबल्या असं म्हणता येणार नाही. पण सारंगाच्या पाया पडून नोकरी मिळवणं आणि फळ्यावरचा आपला नंबर बघून वाट पाहणं यात फरक आहे. ज्यांनी दोन्ही पाहिलं, ती माणसं तो फरक विसरली नव्हती.

१९५८ मध्ये मर्चंट शिपिंग कायदा झाला. १९६६ मध्ये सीमेन्स प्रॉव्हिडंट फंड कायदा झाला. फेरीपुरती नोकरी असल्यामुळे इतर कामगारांची भविष्य निर्वाह निधीची चौकट खलाशांना लागू पडत नव्हती, म्हणून वेगळा कायदा. पगार जहाजमालकांची संघटना आणि खलाशांच्या संघटना यांच्यातल्या सामूहिक करारांनी ठरू लागले. १९५८ च्या कायद्याच्या जागी आता २०२५ चा नवा कायदा संसदेने मंजूर केला आहे.

१०. १९४६ चं नाविकांचं बंड खलाशांच्या युनियनने केलं होतं का?

नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईतल्या 'तलवार' या नौदलाच्या किनाऱ्यावरच्या तळावर सुरू झालेला उठाव रॉयल इंडियन नेव्हीतल्या नाविकांचा. ते सैनिक होते आणि त्यांना युनियन करण्याची मुभा नव्हती. या लेखात आहेत ते व्यापारी जहाजांवरचे खलाशी. घरी सांगितलेल्या गोष्टींत दोन्हींची सरमिसळ फार होते.

११. गोदी कामगारांची युनियन, अधिकाऱ्यांची युनियन, नुसी: कोणाची कोणती?

गोदीत माल चढवणारा-उतरवणारा कामगार किनाऱ्यावरचा. त्याची संघटना वेगळी. मुंबईत ज्यांच्या नावाचा रस्ता आहे ते पी. डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी. कॅप्टन, मेट, इंजिनिअर या अधिकाऱ्यांची मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया. बाकी क्रूसाठी, म्हणजे रेटिंगसाठी, नुसी आणि फॉरवर्ड सीमेन्स युनियन ऑफ इंडिया. रेटिंगचा अधिकारी झालात तर संघटनाही बदलते, हे मुलांना बरेचदा उशिरा कळतं.

१२. बोट समुद्रात असताना संप करता येतो का?

खलाशाचा संप इतरांच्या संपासारखा का नसतो, ते इथे कळतं. साइन ऑन केल्यावर, भर समुद्रात, कायदेशीर हुकूम एकत्रितपणे नाकारणं म्हणजे शिस्तभंग, आणि जुन्या कायद्यात तर थेट तुरुंग. बोटीच्या आणि माणसांच्या सुरक्षेचा प्रश्न असतो, म्हणून हा नियम पूर्ण अन्यायाचा नाही. पण मालकांनी त्याचा वापर पगाराच्या मागण्या दाबायलाही केला.

म्हणून खलाशांचे संप बंदरात होतात. ब्रिटनमध्ये १६ मे ते १ जुलै १९६६ असा संप झाला. मुख्य मागणी आठवड्याला ४० तास कामाची. बोटी एकदम थांबल्या नाहीत. जी जी मायदेशी धक्क्याला लागली ती ती तिथेच राहिली. सरकारने आणीबाणी जाहीर केली होती.

१३. मग संघटनेची ताकद कमी का झाली?

कोळसा गेला आणि तेल आलं, तेव्हा आगवाले आणि कोळसेवाले गेले. कंटेनर आले, बोट बंदरात आठवडाभर राहायची ती तासांवर आली. जिथे शंभरावर माणसं लागत, तिथे वीस-पंचवीसांत बोट चालू लागली. त्यातच सोयीचे झेंडे. बोट एका देशातल्या मालकाची, नोंदणी कर आणि नियम सैल असलेल्या दुसऱ्या देशात, क्रू तिसऱ्याच देशातला. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ, म्हणजे आयटीएफ, १९४८ पासून याविरुद्ध मोहीम चालवतो आहे. भारतात भरती पुन्हा खासगी हातांत गेली. २००५ च्या नियमांनी मॅनिंग एजंटांना, म्हणजे बोटींना माणसं पुरवणाऱ्यांना, परवाना सक्तीचा केला.

१४. माझा मुलगा परदेशी झेंड्याच्या बोटीवर आहे. भारतातली युनियन त्याच्यासाठी काही करू शकते का?

बहुतेक वेळा हो. पण ते त्या बोटीवर आयटीएफने मान्य केलेला सामूहिक करार आहे का, यावर बरंच अवलंबून. असेल तर तक्रार थेट त्यातून जाते. नसेल तरी २००६ चा मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, उपयोगी पडतो. तो २०१३ मध्ये लागू झाला आणि भारताने २०१५ मध्ये स्वीकारला. त्यानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती हवी.

मालकाने दोन महिने पगार दिला नाही, किंवा अन्नपाणी बंद केलं, किंवा घरी आणायची सोय केली नाही, तर बोट 'सोडून दिलेली' धरली जाते. त्यासाठी मालकाने आधीच आर्थिक हमी काढून ठेवलेली असावी लागते, आणि त्यातून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व परतीचा खर्च मिळतो. म्हणून दुसरा महिना संपताच तक्रार करा. आज देतो, उद्या देतो यावर मुलं आठ-आठ महिने बसून राहतात, आणि चारच्या पुढच्या महिन्यांचा पगार मग त्या हमीत बसत नाही.

१५. एजंट म्हणतो, पैसे भरले तर बोट लगेच मिळेल. परवाना आहे त्याच्याकडे. मग हे कायदेशीर आहे का?

नाही. परवाना असला तरी नाही, आणि पावती दिली तरी नाही. वर सांगितलेल्या कन्व्हेन्शनप्रमाणे खलाशाने फक्त तीन गोष्टींचा खर्च करायचा: सरकारी नियमांप्रमाणे लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी आणि पासपोर्ट. व्हिसाचा खर्चही मालकाचा. 'ट्रेनिंग फी', 'डॉक्युमेंटेशन', 'सर्व्हिस चार्ज' असं काहीही नाव दिलं तरी ती प्रश्न ३ मधली दस्तुरीच आहे.

एक अपवाद लोकांना गोंधळात टाकतो. मान्यताप्राप्त संस्थेतल्या कोर्सची फी भरणं बेकायदा नाही. पण तोच एजंट कोर्स आणि नोकरी एकत्र बांधून पैसे मागत असेल, तर ते नोकरीचेच पैसे. अशा वेळी पैसे देण्याआधी परवान्याचा क्रमांक डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंग या सरकारी कचेरीच्या यादीत तपासा, आणि युनियनला फोन करा. पैसे आधीच दिले असतील तरी तक्रार करता येते. देणारा गुन्हेगार ठरत नाही. बँकेतून दिलेल्या पैशांचा कागद आणि एजंटचे निरोप जपून ठेवा. रोख दिले असतील तर कोणासमोर, कुठल्या तारखेला, हे आजच लिहून ठेवा.